हवालदारकाकांचे नातेवाईक

सैन्यातून निवृत्त झाल्यापासून हवालदारकाकांनी एकच गोष्ट जिवापाड जपली होती, ती म्हणजे दुपारची झोप. त्यामुळे नगरपालिकेचे सचिव ऐन घोरण्याच्या रंगात दार वाजवायला लागले, तेव्हा काकांनी डोळे न उघडताच ओरडून सांगितलं, "घरात कोणी नाही!"

"मग बोलतंय कोण?" बाहेरून विचारणा झाली.

"तोही बाहेर गेलाय."

शेवटी काकूंनीच दार उघडलं, सचिवांना खुर्ची दिली आणि आत येऊन नवऱ्याच्या अंगावरची चादर ओढली. "उठा. तुमचा सन्मान करायला आलेत. तेवढ्यापुरते तरी जागे राहा."

बातमी खरंच मोठी होती. पालिकेच्या इमारतीसमोर जे मोकळं मैदान होतं, तिथे 'वीर सन्मान उद्यान' होणार होतं. गवत, गुलाब, बाकं, आणि मधोमध काळ्या दगडाचा स्तंभ. गावातल्या सैनिकांची नावं आणि पराक्रम त्यावर कोरायचे होते आणि उद्घाटन हवालदारकाकांच्या हस्ते व्हायचं होतं. आता एवढं ऐकल्यावर कोणाची झोप टिकेल? काका बनियनवरच ताठ बसले.

सचिवांनी घसा साफ करून मजकूर वाचून दाखवला. "शत्रूच्या तोफांना न जुमानता हा वीर निधड्या छातीने पुढे पुढे सरसावला."

"मागे मागे," काका म्हणाले.

"काय?"

"मी मागे मागे सरसावलो. रिव्हर्समध्ये."

झालं होतं असं, की काका सैन्यात ट्रक चालवायचे. डोंगरातल्या एका अरुंद रस्त्यावर गोळे पडायला लागले, पुढचा रस्ता खचला, ट्रकमध्ये जखमी जवान, आणि गाडी वळवायला टीचभर जागा नाही. काकांनी ट्रक सगळा घाट उलटा उतरवला. मागच्या फळीला लटकून दिशा सांगायला त्यांचा जोडीदार होता. तो याच गावचा. तोंडाला खीळ म्हणून नाही, त्यामुळे सगळी पलटण त्याला बडबड्या म्हणायची. "डावीकडे घे! अरे डावी म्हणजे माझी डावी, तुझी नव्हे! स्वयंपाकघरात तरी कधी उलटा चाललायस का?" असं त्याचं सारखं चालू होतं. शेवटच्या वळणाच्या जरा आधी तो आवाज थांबला. गाडी थांबवून मागे बघायची गरजच नव्हती. बडबड्या आपणहून गप्प बसणारा माणूस नव्हता. उरलेला रस्ता काका त्या शांततेत उतरले. जखमी वाचले, काकांना पदक मिळालं आणि बडबड्या गावी परत आला नाही.

यातलं काका मोजकंच बोलले. सचिव अस्वस्थ झाले. "ते सगळं खरं, पण 'मागे' हा शब्द दगडावर बरा दिसत नाही हो."

बरीच ओढाताण झाली. शेवटी दगडावर कोरलं गेलं ते असं: 'दिशेची पर्वा न करता या वीराने वाहन हाकले.' काकू हे वाचून इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

गणवेश कपाटातून निघाला, पण त्याची बटणं आणि काकांचं पोट यांचं काही जमेना. बाजारातल्या शिंपीणबाईंना बोलावलं. शिंपीणबाई म्हणजे बडबड्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, भाऊ गेल्यावर आईबापांना शेवटपर्यंत सांभाळलं आणि सगळा जन्म शिवणयंत्रावर काढला. भाऊ जितका बोलका तितकी ही अबोल. तोंडात कायम टाचण्या असायच्या, त्यामुळे कोणाला ते विचित्र वाटत नसे.

"पोट आत घ्या," त्या टाचण्यांमधून म्हणाल्या.

"आत घेतलंय. हे आहे ते शिल्लक राहिलेलं आहे."

बोलता बोलता काकांनी सांगितलं, की स्तंभावर बडबड्याचंही नाव कोरलंय. बाईंच्या हातातली कात्री थांबली. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आईवडील गेलेले, बायको-मुलं नाहीत, तेव्हा त्याच्या घरचं आता कोणी उरलं नाही असं पालिकेने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"बरं झालं," बाई एवढंच म्हणाल्या, आणि शिवण उसवायला लागल्या.

आता ते मैदान आधी कसं होतं, हे सांगायला हवं. त्याच्या एका कडेला जुना दगडी चौथरा होता आणि ज्याला जे बोलायचंय त्याने तिथे चढून बोलावं, अशी गावाची रीत होती. कोणी रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल बोले, कोणी शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल. आणि दर सोमवारी दुपारी तिथे बायका जमत. बाजारातलं बायकांचं स्वच्छतागृह दुरुस्तीच्या नावाखाली बंद करून ठेवलं होतं. दुरुस्ती कोणी पाहिली नव्हती, कुलूप मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. किल्ली हरवली, असं पालिका सांगायची. बाजारात दिवसभर बसणाऱ्या बायकांचे हाल कुत्रा खाईना. म्हणून काकू आणि त्यांच्या मैत्रिणी दर सोमवारी चौथऱ्यावर चढून खणखणीत आवाजात विचारत, "किल्ली कुठाय?"

चौथऱ्याच्या बरोब्बर वर पालिकेच्या अध्यक्षांच्या दालनाची खिडकी होती. अध्यक्ष पाहुण्यांना चहा पाजत विकासाच्या गप्पा मारत असले, की खालून आरोळी यायची, "किल्ली कुठाय?" पाहुणे कप खाली ठेवून विचारत, "कसली किल्ली?" अध्यक्षांच्या अगदी नाकी नऊ आले होते.

काका कधी तिकडे फिरकले नव्हते. सोमवारची दुपार ही त्यांच्या लेखी इतर दुपारांसारखीच, आडवं होण्यासाठी होती.

उद्घाटनाच्या दिवशी काकू बायकांना म्हणाल्या, "आज नको. आज त्यांचा दिवस आहे." सगळ्या मुकाट्याने मागच्या रांगेत बसल्या. अध्यक्षांनी भाषण ठोकलं. ज्यांनी आपल्या स्वातंत्र्यासाठी रक्त सांडलं, असं ते म्हणाले तेव्हा काकांच्या मनात आलं, की आपण रक्तापेक्षा इंजिन ऑइलच जास्त सांडलं. पण फुलांचा गुच्छ हातात होता, बँड वाजत होता, आणि माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढला की त्याला खालचं फारसं दिसत नाही. मैदानाभोवती उंच लोखंडी कुंपण आलंय, एकच फाटक ठेवलंय, हे काकांना दिसलं होतं, पण ते त्यांना शोभिवंत वाटलं. शेवटी फाटकावरच्या पाटीचा पडदा सरकवला. 'प्रवेश फक्त माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी. शांतता राखा.' पहिली टाळी काकांनीच वाजवली.

काकूंनी वाजवली नाही.

सोमवारी काकू दुपारी बाहेर पडल्या आणि लवकरच परतल्या. पिशवी खुंटीला लावली, चहाचं आधण ठेवलं, एक अक्षर बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात काका एक गोष्ट शिकले होते. ही बोलत असली की धोका नाही.

"काय झालं?"

"कुठे काय? तुमच्या बागेत गेले होते."

'तुमच्या' या शब्दाला अशी धार होती, की काका उठून बसले.

"फाटकावर रखवालदार आहे. मला म्हणाला, या ताई, तुम्ही हवालदारांच्या घरच्या. बाकीच्या सगळ्यांना बाहेर ठेवलं. मग काय, चढले एकटीच चौथऱ्यावर. समोर गुलाबाची रोपं. त्यांना सांगितलं, बायकांची फार अडचण होते. त्यांनी ऐकून घेतलं."

"अगं, पण—"

"आणि शिंपीणबाई आल्या होत्या. भाषणाबिषणाला नाही. भावाचं नाव बघायचं होतं बिचारीला. बहीण कुटुंबात धरत नाहीत म्हणे. गजांना धरून उभी होती. तिथून अक्षरं दिसत नाहीत, स्तंभाचं तोंड खिडकीकडे आहे."

काकांचा चहा निवून गेला. सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि थेट अध्यक्षांचं दालन गाठलं.

अध्यक्ष गोड माणूस. त्यांनी खुर्ची दिली, बिस्किटं पुढे केली. "हवालदारसाहेब, नियम म्हणजे नियम. आणि बहीण म्हणजे कसं, लग्न झालं की दुसऱ्या घरची."

"तिचं लग्न झालेलं नाही."

"होईल की."

"साठीची आहे ती."

अध्यक्षांनी बिस्किट चहात बुडवलं. "हे पाहा, तिथे आधी काय गोंधळ असायचा तुम्हाला माहीत नाही. कोणीही येतंय, काहीही बोलतंय. मला तुम्हा लोकांसाठी एक पवित्र, शांत जागा करायची होती. तुम्ही लढलात कशासाठी? शांततेसाठीच ना?"

काकांना पटकन काही सुचेना. ते राम राम करून खाली आले आणि आपल्याच बागेत एका बाकावर जाऊन बसले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. स्तंभावर स्वतःचं नाव वाचून झालं, मग खाली बडबड्याचं. आणि बडबड्याच्या नावाच्या बरोब्बर खाली, त्याच दगडात, मोठ्या अक्षरांत कोरलं होतं, 'शांतता राखा.'

काकांच्या पोटातून हसू वर आलं. बडबड्याला शांतता! जो झोपेतही हुज्जत घालायचा, ज्याने साहेबाच्या तंबूसमोर डाळीच्या पातळपणावर व्याख्यान दिलं आणि शिक्षा म्हणून अख्ख्या पलटणीचे बटाटे सोलले, सोलतानाही बोलत होता, त्याला! काका मांडीवर हात आपटून हसले, हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, आणि ते नुसतं हसण्याचं राहिलं नाही.

त्यांना ट्रकमधलं एक बोलणं आठवलं. बडबड्या म्हणाला होता, "सुट्टीवर गेलो ना, की आधी चौथऱ्यावर चढणार आणि बाजारातल्या खड्ड्यांवर बोलणार. इथे साहेबापुढे तोंड उघडायची सोय नाही. तिथे मी कोणाच्या बापाला भिणार नाही."

"ऐकणार कोण तुझं?" काकांनी विचारलं होतं.

"नाही ऐकलं तर नाही ऐकलं. बोलू तर देतात? तेवढ्यासाठी मी इथे थंडीत मरतोय बघ."

तेव्हा काकांनी "गप रे, रस्ता बघू दे" म्हणून विषय संपवला होता.

हसण्याचा आवाज ऐकून रखवालदार धावत आला. चांगला पोक्त, मिशाळ माणूस, पण नोकरी नवी असल्याने धास्तावलेला. "काका, जरा हळू. शांतता..."

"हसायलाही बंदी आहे?"

रखवालदाराने विचार केला. "हसण्याचं साहेब काही बोलले नाहीत."

"बरं. कुटुंबीय म्हणजे कोण कोण, ते बोलले?"

"बहीण नाही, एवढं बोलले."

"आणखी कोण नाही?"

"आणखी काही नाही बोलले."

काकांनी डोळे पुसले. डोंगरातला अवघड रस्ता समोर आला, की त्यांच्या चेहऱ्यावर जसं यायचं तसं काहीतरी पुन्हा चेहऱ्यावर आलं. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "बहीण सोडून बाकी सगळे चालतात."

घरी येऊन त्यांनी काकूंना बेत सांगितला. काकू ऐकत गेल्या आणि मग त्यांनी आपणहून चहात जास्तीची साखर घातली. समेट झाल्याची ती खूण.

गावात माजी सैनिक आणखी दोघं होते. एक तोफखान्यातले आजोबा. आयुष्य तोफेशेजारी गेल्याने कान पार गेलेले, पण आवाज तोफेचाच. दुसऱ्या सिस्टर, म्हणजे सैनिकी रुग्णालयातल्या निवृत्त परिचारिका. दर समारंभात त्यांना 'वीरपत्नी' म्हणून फूल द्यायचे आणि दर वेळी त्या मोठ्याने विचारायच्या, "वीर कोणता? मला भेटवा तरी एकदा." दोघंही एका पायावर तयार झाले.

सोमवारी दुपारी तिघं पदकं लावून फाटकाशी उभे राहिले. मागे रस्ताभर माणसं. पहिल्या शिंपीणबाई.

रखवालदार कावराबावरा झाला. "काका, ह्यांना मागच्या वेळीच सांगितलंय, बहीण चालत नाही."

"बहीण कोण म्हणतंय? ही माझी आत्या."

"तुमच्यापेक्षा लहान आहेत त्या!"

"आमच्याकडे आत्या उशिरा झाली. आत्या, ये गं."

शिंपीणबाईंच्या तोंडात त्या दिवशी टाचण्या नव्हत्या, तरी त्या काही बोलल्या नाहीत. खाली मान घालून आत गेल्या, स्तंभापाशी पोचल्या आणि भावाच्या नावावरून बोट फिरवत उभ्या राहिल्या, कापडाचा पोत बघावा तसं.

"ही?" रखवालदाराने पुढच्या भाजीवालीकडे बोट केलं.

"धाकटी मेहुणी."

"आणि ही?"

"तिची नणंद. म्हणजे माझी कोण ते तूच काढ."

रखवालदार बोटांवर नातं मोजायला लागला, तेवढ्यात पाठोपाठ पाच-सहा जणी आत सरकल्या. मग आला बेकरीवाला. तो साडू झाला. पोस्टमन व्याही झाला. बसचा कंडक्टर चुलत सासरा व्हायला तयार नव्हता, वय कमी पडतं म्हणाला, तेव्हा त्याला भाचेजावई करून टाकला. सिस्टरनी तर नात्यांची भानगडच ठेवली नाही. "याला मी लस टोचलीय. याला पण. हा टोचताना पळाला होता, पण पकडून टोचली. ही सगळी माझी लेकरं. हो रे, आत जा." तोफखानेआजोबांना कोण काय विचारतंय ते ऐकू येत नव्हतं, पण रणांगण सोडायची सवय नव्हती. एका धिप्पाड हमालाच्या खांद्यावर हात ठेवून ते गरजले, "ही माझी सासूबाई!"

हमालाने पदर नसलेल्या डोक्यावरून पदर घेतल्यासारखं केलं आणि लाजत आत गेला.

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. रखवालदाराने बराच वेळ चेहरा कडक ठेवला, मग मिशीतल्या मिशीत त्याचाही धीर सुटला. गर्दी ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "काका, आणि मी कोण?"

"तू दारावरचा. तुला काय कमी? पण हवंच असेल तर पुतण्या हो."

"चालेल," तो म्हणाला आणि छाती काढून उभा राहिला.

एवढ्यात अध्यक्ष जिना उतरून तरातरा आले. मागे सचिव. फाटकाशी नव्या पुतण्याने हात आडवा केला.

"साहेब, आपण कोणाचे कोण?"

"अरे, मी अध्यक्ष आहे!"

"हो साहेब. पण अध्यक्ष हे काही नातं नाही. आपणच सांगितलंय, फक्त कुटुंबीय."

मैदानावर एकदम शांतता पसरली. पाटीवर लिहिलेली शांतता अखेर कोणीतरी राखली होती. अध्यक्षांनी गजांतून आत पाहिलं. गुलाबांच्या मध्ये सगळं गाव उभं होतं आणि कोणी त्यांना ओळख देत नव्हतं. त्यांचा चेहरा इतका पडला, की काकूंनाच कसंतरी झालं.

"येऊ दे रे," त्या म्हणाल्या. "माझे भाऊ आहेत."

"बहीण चालत नाही, ताई."

"भावाचं काही म्हटलंय?"

"नाही."

"मग झालं तर."

अध्यक्ष आत आले. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "या मेहुणे. आता तुमची थट्टा करायला मला कोणाची परवानगी लागायची नाही. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, मी कशासाठी लढलो. मला तेव्हा सुचलं नाही. मी काही फार लढलो नाही हो, गाडी चालवली. पण ह्याला," त्यांनी बडबड्याच्या नावाकडे हात केला, "गावी येऊन खड्ड्यांवर बोलायचं होतं. त्याच्या नावाने बाग करा, दगड उभा करा, काय वाटेल ते करा. त्याला गप्प बसा म्हणू नका."

अध्यक्ष काही बोलायच्या आत चौथऱ्यावर हालचाल झाली. शिंपीणबाई वर चढल्या होत्या. काकू उठणार होत्या, पण बसून राहिल्या.

"मी सकाळी पाणी पीत नाही," शिंपीणबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता. "दुपारीही नाही. घरी जाईपर्यंत जाता येत नाही, म्हणून. डॉक्टर रागावतात. दुकानात येणाऱ्या लेकुरवाळ्या बायका माझ्या पडद्यामागे डबा मागतात. मला लाज वाटते सांगताना. तुम्हाला ऐकताना वाटतेय का?"

आणि मग ती बाई जी सुटली, ती सुटलीच. कुलुपापासून सुरू झालं ते गटारावर गेलं, गटारावरून बाजारातल्या दिव्यांवर, दिव्यांवरून खड्ड्यांवर. खड्ड्यांत तर ती बराच वेळ रमली. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर येत होतं. काका आ वासून ऐकत होते. मध्येच श्वास न घेता पुढचं वाक्य पकडायची लकब, "अहो म्हणजे तुम्हीच सांगा" म्हणत हात उडवणं, सगळं थेट भावासारखं. काकांनी मान दुसरीकडे वळवली आणि उगाच गुलाबाची कीड बघितली.

बाई थांबल्या तेव्हा अध्यक्षांच्या कपाळावर घाम होता. "सचिव," ते म्हणाले, "माझ्या टेबलाच्या वरच्या खणातून किल्ली आणा."

"हरवली होती ना?" बायकांनी एकसुरात विचारलं.

"सापडली," अध्यक्ष म्हणाले.

मिरवणूकच निघाली बाजारात. कुलूप गंजलं होतं, हमालाने, म्हणजे आजोबांच्या सासूबाईंनी, एक धक्का दिला तेव्हा दार उघडलं. आत दुरुस्तीचा मागमूस नव्हता. होत्या त्या सत्कार-समारंभांच्या खुर्च्या, गुंडाळलेला लाल गालिचा, मोडका माईक आणि भिंतीला टेकवून ठेवलेले अध्यक्षांचे माणूसभर उंचीचे फलक. सगळ्या फलकांवर ते हात जोडून हसत होते.

"अगंबाई," सिस्टर म्हणाल्या, "बायकांच्या इथे इतके पुरुष!"

अध्यक्ष त्या दिवशी घरी चालत गेले म्हणतात, गल्लीबोळांतून.

त्यानंतर पालिकेने सभा घेऊन 'कुटुंबीय' शब्दाची व्याख्या करायचा प्रयत्न केला. पण व्याख्या करायची म्हणजे साडू, व्याही आणि भाचेजावई यांना तोंडावर सांगायचं, की तुम्ही कोणी नाही. निवडणूक जवळ होती. विषय बारगळला. दगडावरची 'शांतता राखा' ही अक्षरं भरून काढली, जरा डाग दिसतो. पाटी आणि फाटक राहिलं, आणि दर सोमवारी कोणीतरी माजी सैनिकाने फाटकाशी उभं राहून आपली माणसं ओळखायची, असा रिवाज पडला. काका कुरकुरत जायला लागले.

अशाच एका सोमवारी घड्याळजी आला. हा गावातला महाखवट माणूस. लोकांची घड्याळं दुरुस्त करता करता त्यांची अक्कलही काढायचा. गावातली कामं सोडून उठसूट सैनिकांचे सोहळे कशाला, हे त्याचं पालुपद काकांच्या कानावर आधीच आलं होतं.

"काय बोलणार आज?" काकांनी त्याला फाटकातच विचारलं.

"तुमच्याविरुद्ध," घड्याळजी सरळ म्हणाला. "या दगडाच्या खर्चात दवाखान्यात एक डॉक्टर आला असता. आणि पदकं लावून फाटकावर उभं राहायचा तुम्हाला अधिकार कोणी दिला, तेही विचारणार आहे."

काकांचं डोकं सणकलं. पुतण्या त्यांच्या तोंडाकडे बघत होता. नुसतं 'ओळखत नाही' म्हणायचा अवकाश होता.

"काका, हे कोण?"

काकांनी मिशी चावली, पदक चाचपलं, आणि शेवटी दातांतल्या दातांत म्हणाले, "आहे एक. दूरचा. सोड."

घड्याळजी भरपूर बोलला आणि झोंबेल असंच बोलला. तोफखानेआजोबा काकांच्या कानाशी गरजले, "काय म्हणतोय तो?"

"आपण फुकटे आहोत म्हणतोय!"

"बोलतो मात्र छान!" आजोबा म्हणाले आणि त्यांनी जोरात टाळ्या पिटल्या.

काका घरी आले ते फणफणतच. चपला एका कोपऱ्यात, टोपी दुसऱ्या. "गाढव आहे नुसता! डॉक्टरचं म्हणाला ते बरोबर आहे, पण गाढव आहे."

काकू भाजी निवडत होत्या. "मग आत का सोडलंत?"

"नात्यातला आहे ना."

"कोणत्या नात्यातला?"

काकांनी बराच विचार केला. मावसभाऊ म्हणावं तर फार जवळचा होत होता, आणि व्याही म्हणावं तर पोस्टमन रागावला असता.

"ते अजून ठरलं नाही," ते म्हणाले, आणि काकूंच्या समोर बसून शेंगा सोलायला लागले.